मिठाचं तळं भरतं तेव्हा

ऑगस्टमध्ये सायप्रसला गेलेल्या माणसाला लार्नाकाचं तळं दाखवलं, तर तो विचारेल, यात तळं कुठे आहे? विमानतळाला लागून दोनेक चौरस किलोमीटरचं पांढरंफटक पटांगण, त्यावर मिठाचा पापुद्रा, पापुद्र्याला पडलेल्या भेगा आणि डोळे दिपवणारं ऊन. पक्षी औषधालाही सापडत नाही. तोच माणूस जानेवारीत आला, आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत पाऊस नीट झालेला असला, तर त्याच जागी गुडघाभर पाणी असतं. त्या पाण्यात हजारो रोहित माना खाली घालून चरत असतात. त्यासाठी जंगलात शिरावं लागत नाही, पहाटे तीनला उठावं लागत नाही. विमानतळावरून शहराकडे निघालं की गाडीच्या काचेतूनच ते दिसू लागतात.

भूमध्य समुद्रातलं बेट म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो उन्हाळा: निळं पाणी, वाळू, छत्र्या. सायप्रसला येणारे बहुतेक पर्यटकही त्याच दिवसांत येतात. ऑक्टोबर संपला की किनाऱ्यावरची अनेक हॉटेलं बंद होतात, उरलेल्यांचे दर खाली येतात आणि बेट आपल्या माणसांच्या हाती परत जातं. पक्षी पाहणाऱ्याचा हंगाम इथून सुरू होतो. आपल्याकडे जूनमध्ये मृगाची वाट पाहतात, तशी तिथला शेतकरी नोव्हेंबरच्या पावसाची वाट पाहतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि हिवाळा ओला, असं तिथलं चक्र आहे. नोव्हेंबर ते मार्च एवढ्या काळात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस पडून जातो. डोंगर हिरवे होतात, खाचरांत पाणी साठतं, आणि उत्तरेकडचे गोठलेले प्रदेश सोडून निघालेल्या पक्ष्यांना खाली पाणी चमकताना दिसतं.

हे बेट मोठं मोक्याच्या जागी आहे. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा थोडंसंच जास्त. उत्तरेला तुर्कस्तानचा किनारा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, पूर्वेला सीरिया शंभरेक किलोमीटरवर आणि दक्षिणेला समुद्र ओलांडला की इजिप्त. युरोप, आशिया आणि आफ्रिका यांच्या मधोमध टाकलेला हा एक टप्प्याचा दगड. एवढ्याशा बेटावर आजवर चारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. वसंतात आणि शरदात वाटसरू येतात, दोन दिवस थांबतात आणि जातात. हिवाळी पाहुणे मात्र मुक्कामाला येतात, आणि त्यामुळे नवख्या माणसाला ते निवांतपणे पाहता येतात.

लार्नाकाच्या तळ्याची गोष्ट सुरू होते ती अगदी छोट्या एका प्राण्यापासून. आर्टेमिया नावाची ही मिठागरातली इवलीशी कोळंबी. उन्हाळ्यात तळं आटतं तेव्हा ती मरते, पण तिची कठीण कवचाची अंडी मिठात आणि चिखलात तशीच पडून राहतात. महिनोन्‌महिने पाण्याचा थेंब नसला तरी त्यांना काही होत नाही. पाऊस पडला, मीठ विरघळलं, की अंडी फुटतात आणि काही आठवड्यांत पाणी या कोळंबीने भरून जातं. रोहित येतात ते तिच्यासाठी. पाऊस कमी पडला तर तळं भरत नाही, फारच जास्त पडला तर पाण्याचा खारटपणा उतरतो आणि कोळंबीचं गणित बिघडतं. म्हणून एखाद्या वर्षी दोन-तीन हजार रोहित असतात, तर एखाद्या वर्षी दहा हजारांच्या पुढे जातात. त्यांच्या पंखांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून आलेला. नुकती मोठी झालेली पिल्लं राखाडी असतात. रंग पक्का व्हायला त्यांना काही वर्षं लागतात.

उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणला होडीतून रोहित पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. जात तीच आहे, मोठा रोहित. ठाण्याच्या खाडीत ज्यांचे थवे जास्त दिसतात तो लहान रोहित सायप्रसला सहसा नसतो. पायांत कडी घातलेल्या पक्ष्यांवरून कळतं, की इथले बरेचसे रोहित तुर्कस्तान आणि इराणमधल्या खाऱ्या सरोवरांकडून येतात. सायप्रसमध्ये ते घरटी करत नाहीत. मार्चमध्ये तळं आटू लागलं की माघारी जातात.

तळ्याच्या काठाने पायवाट आहे. तिच्यावर थोडा वेळ उभं राहून एकाच पक्ष्याकडे दुर्बिणीतून पाहावं. त्याची मान पार खाली गेलेली असते आणि चोच पाण्यात उलटी, म्हणजे वरचा जबडा खाली असा धरलेला असतो. जाडजूड जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं, चोचीच्या कडेच्या बारीक चाळणीतून बाहेर जातं, आणि कोळंबी आत राहते. तेवढ्यात पाय जागच्या जागी थयथयत असतात. चिखलात दडलेलं खाद्य वर यावं म्हणून तो स्वतःभोवती गोल फिरत माती तुडवतो. लांबून शांत, निश्चल दिसणारा हा थवा जवळून पाहिला तर एखाद्या कारखान्यासारखा सतत चालू असतो. आवाजही तसाच, गुरगुरल्यासारखा, हंसांच्या कळपासारखा, अखंड.

जानेवारी संपत आला की याच थव्यात नाच सुरू होतो. पुढच्या विणीची जोडी जमवण्याचा हा कार्यक्रम मुक्कामावर असतानाच उरकला जातो. शे-दोनशे पक्षी एकमेकांना खेटून, माना ताठ करून, एकाच दिशेने भराभर चालू लागतात. डोकी डावी-उजवीकडे झटक्याने वळतात. मधेच एखादा पंख उघडतो आणि आतली लाली व काळी किनार क्षणभर झळकून जाते, मग शेजारचा उघडतो, मग त्याच्या शेजारचा. मग अख्खा जथा वळतो आणि उलट चालू लागतो. उन्हाळी सुट्टीवर आलेल्या लाखो पर्यटकांना हे कधीच दिसत नाही, कारण तेव्हा तिथे पाणीही नसतं आणि पक्षीही नसतात.

तळ्याच्या पश्चिम काठावर ताडामाडांच्या झाडीत हाला सुल्तान तेक्के नावाचा दर्गा आहे. सातव्या शतकात अरबांच्या स्वारीबरोबर आलेली उम्म हराम ही वृद्ध स्त्री खेचरावरून पडून इथे वारली, अशी परंपरा सांगते. तिच्या कबरीवरचा घुमट पाण्यात उलटा पडतो आणि त्याच्यापुढून रोहितांची रांग जाते. सायप्रसचं सर्वांत ओळखीचं हिवाळी चित्र हेच. या तळ्याबद्दल ख्रिस्ती लोकांची कथा आणखी वेगळी आहे. संत लाझारसने इथल्या एका म्हातारीकडे द्राक्षं मागितली, तिने नाही म्हटलं, आणि तिचा द्राक्षमळा मिठाचं तळं होऊन गेला. व्हेनिसकरांच्या राज्यात हे मीठ जहाजं भरभरून बाहेर जात असे. मीठ काढणं १९८०च्या दशकात थांबलं. आता तळ्याचं नाव होतं ते पक्ष्यांमुळे. २००१मध्ये ते रामसर यादीत आलं, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये त्याची गणना झाली.

पण यादीत आल्याने तळ्याच्या तळाशी पडलेलं शिसं नाहीसं झालं नाही. उत्तर टोकाजवळ पूर्वी नेमबाजीचं मैदान होतं. ते बंद होऊन वर्षं लोटली, तरी शिशाचे छरे चिखलात राहिले. रोहिताला दात नसतात. खाल्लेलं दळण्यासाठी तो बारीक खडे गिळतो आणि पोटातली स्नायूंची पिशवी जात्यासारखं काम करते. छरा खड्यासारखाच दिसतो. तो त्या जात्यात झिजत राहतो आणि शिसं रक्तात उतरतं. २०२१च्या जानेवारी-फेब्रुवारीत लार्नाकाच्या तळ्यावर शंभराच्या आसपास रोहित असे मेले. तपासणीत शिशाची विषबाधा निघाली. २०२३च्या फेब्रुवारीपासून युरोपीय संघाने पाणथळ जागांत आणि त्यांच्या आसपास शिशाचे छरे वापरायला बंदी घातली. नियम चांगला आहे, पण आधीच पडलेले छरे त्याने उचलले जात नाहीत. ते काम हातानेच करावं लागेल, आणि ते पुरं करायला हवं.

लार्नाकाहून पूर्वेला दहा-बारा मिनिटांवर ओरोक्लिनीचं छोटं तळं आहे. महामार्गाच्या अगदी कडेला, गाड्यांच्या आवाजात. लाकडी निरीक्षणगृहात बसलं की थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही आपल्या तलावांवर हिवाळ्यात दिसणारी मंडळी हाताच्या अंतरावर असतात. अंगाने काळे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरीही असतात. वसंतात इथे शेकाटे आणि टिटवीची एक काळीपांढरी बहीण घरटी करतात. तासभर पुरे होतो.

खरा वेळ द्यावा तो आक्रोतिरीला. लिमासोल शहराच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेलं हे द्वीपकल्प, आणि त्याच्या मधोमध बेटावरचं सर्वांत मोठं मिठाचं तळं. राजकीय नकाशावर ही जागा सायप्रसची नाहीच. १९६०मध्ये बेट स्वतंत्र झालं तेव्हा ब्रिटनने दोन लष्करी तळ स्वतःच्या मालकीत ठेवून घेतले, त्यांतला हा एक. त्यामुळे तळ्याच्या एका अंगाला धावपट्टी, उंच अँटेना आणि कुंपणं, दुसऱ्या अंगाला संत्र्या-लिंबांच्या बागा, आणि मधे पक्षी. लष्करी ताब्यामुळे किनाऱ्यावर हॉटेलांची रांग उभी राहिली नाही, हे खरं. लिमासोल मात्र पश्चिमेकडे झपाट्याने वाढतं आहे आणि जवळच्या झकाकीच्या दलदलीला आता उंच इमारती दिसू लागल्या आहेत.

आक्रोतिरी गावात पर्यावरण शिक्षण केंद्र आहे. तिथल्या गच्चीवजा जागेतून अख्खं तळं नजरेत येतं, आणि पहिल्या दिवशी तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. लांबवर रोहितांची गुलाबी रेघ, तिच्या अलीकडे शेकडो शाही चक्रवाक, काठाच्या ओल्या मातीत धावणारे चिखले. अधूनमधून सगळा काठ एकदम उडतो. अशा वेळी खाली न पाहता वर पाहावं. बहुतेकदा एखादा भोवत्या पंख किंचित वर धरून बोरूंवरून तरंगत आलेला असतो. एखाद्या भाग्यवान हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला मोठा गरुडही दिसतो.

तळ्याच्या उत्तरेला फासुरीची गोड्या पाण्याची दलदल आहे. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पूर्वी गावची गुरं इथे चरायची आणि गावातल्या बायका इथल्या बोरूंच्या, लव्हाळ्यांच्या टोपल्या विणायच्या. पुढे गुरं कमी झाली, टोपल्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली, आणि बोरू इतके माजले की उघडं पाणी दिसेनासं झालं. उघडं पाणी नाही म्हटल्यावर बदकं आणि शेकाटे उतरेनात. उपाय जुनाच सापडला. गेल्या दशकात इथे बोरू कापले गेले, गुरं पुन्हा सोडली गेली, विणकामाला उत्तेजन दिलं गेलं. आज हिवाळ्यात तिथे गाई चरताना दिसतात, त्यांच्या पायांशी गायबगळे असतात, आणि मधल्या डबक्यांत बदकं परतली आहेत. माणूस आणि गुरं हटवली की निसर्ग आपोआप सुधारतो, असं मानणाऱ्यांनी फासुरी जरूर पाहावी.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे, तर धरणांचंही बोलायला हवं. स्वातंत्र्यानंतर सायप्रसने ‘पाण्याचा एक थेंबही समुद्रात जाऊ द्यायचा नाही’ अशी घोषणा केली आणि लहानमोठी शंभरावर धरणं बांधली. कोरड्या बेटाची ती गरज होती. जायकवाडी, उजनी झाल्यावर आपल्याकडे जसे नवे पक्षी आले, तसे तिथल्या जलाशयांवरही हिवाळ्यात पाणकावळे, टिबुकल्या, बदकं येऊ लागली. पण ज्या नद्या अडवल्या त्यांचं पाणी खाली किनाऱ्यावरच्या दलदलींना मिळायचं. लिमासोलच्या वरचं कूरिस हे सर्वांत मोठं धरण १९८८मध्ये पूर्ण झालं, आणि आक्रोतिरीच्या जमिनीत मुरणारं गोडं पाणी घटलं. एका ठिकाणी भरलेलं पाणी दुसऱ्या ठिकाणचं उचललेलं असतं, हे उजनीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मोठे पक्षी पाहून झाले की छोट्यांकडे वळावं; खरा छंद तिथे लागतो. सायप्रसच्या हिवाळ्यात साध्या हॉटेलच्या बागेत सकाळी रॉबिन गातो. छाती नारिंगी, आकाराने आपल्या दयाळपेक्षा लहान, स्वभाव भांडखोर. उत्तर युरोपातून येऊन तो चार फुटांच्या कुंपणावर हक्क सांगतो आणि मार्चपर्यंत सोडत नाही. भिंतीवर शेपटी थरथरवणारा थिरथिरा आणि वाटेत शेपटी हलवत चालणारा पांढरा धोबी तर मराठी वाचकाच्या अंगणातलेच. बंदरावर आणखी एक आश्चर्य असतं. छोटा खंड्या आपण ओढ्याकाठी पाहतो. सायप्रसला तो मुख्यतः हिवाळ्यातच येतो, आणि पाफोस किंवा लार्नाकाच्या बंदरात होडीच्या दोरावर बसून समुद्रातले मासे पकडतो. खाऱ्या लाटांवर तो निळा ठिपका पाहताना नजर जरा गोंधळते.

केवळ याच बेटावर वीण करणारा एक वटवट्या आहे, सायप्रस वॉर्बलर. नराचं डोकं काळं, गळ्याच्या कडेला पांढरी मिशी, आणि पोटावर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके. जगात दुसरीकडे कुठेही त्याची पिल्लं होत नाहीत. हिवाळ्यात त्यातले काही इस्राएल, जॉर्डन, सिनाईकडे जातात आणि काही खालच्या टेकड्यांच्या काटेरी झुडपांत मागे राहतात. तो दिसण्याआधी ऐकू येतो: सुकं लाकूड घासल्यासारखी कोरडी खडखड. ती ऐकल्यावर जागचं हलू नये. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो झुडपाच्या आत एका बाजूने शिरतो, दुसरीकडून डोकावतो, आणि कधीतरी अर्धा सेकंद शेंड्यावर येतो. फेब्रुवारीत नर गाऊ लागले की काम सोपं होतं. पश्चिमेकडच्या आकामास भागात त्याच्यासारखाच दिसणारा सार्डिनियन वॉर्बलर १९९०च्या दशकापासून ठाण मांडून बसला आहे आणि स्थानिक पक्षी तिथे विरळ झाला आहे. म्हणून त्याला शोधायला पूर्वेकडच्या आणि मधल्या टेकड्या बऱ्या.

डोंगराकडे जायचं तर त्रोदोस. सर्वोच्च शिखर १,९५२ मीटर, जानेवारी-फेब्रुवारीत माथ्यावर बर्फ. सकाळी पाइनच्या जंगलात बर्फावर उभं राहून दुपारी किनाऱ्यावर रोहित पाहता येतात, इतकं अंतर कमी. लाखो वर्षं मुख्य भूमीपासून तुटलेल्या या बेटाच्या जंगलात नीलकंठाएवढा जे, कोल टिट, झाडाच्या सालीवर चढणारा ट्रीक्रीपर आणि वाकड्या चोचीचा क्रॉसबिल यांचे वेगळे, स्थानिक प्रकार घडले आहेत. पाफोसकडच्या अवाकास घळीत एखाद्या हिवाळ्यात उंच डोंगरातला वॉलक्रीपर उतरतो. उभ्या चुनखडी कड्यावर तो लाल पंख उघडमीट करत सरकतो. तो दिसेलच असं नाही, पण घळ पाहण्यासारखी आहे.

कड्यांवर आणखी कोणाला शोधावं? गिधाडांना. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सायप्रसच्या आकाशात ती शेकड्याने होती. कोल्ह्या-कुत्र्यांना मारण्यासाठी टाकलेल्या विषारी आमिषांनी ती संपत आली, आणि आकडा पंचवीस-तीसच्याही खाली गेला. आपल्याकडे १९९०च्या दशकात गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडं मारली. इथे विष मुद्दाम टाकलं गेलं, फक्त दुसऱ्यासाठी. आधी क्रीटमधून आणि २०२२पासून स्पेनमधून गिधाडं आणून सोडली जात आहेत. नव्याने सोडलेल्यांपैकीही काही विषानेच मेली. तरी काम चालू आहे.

आता या बेटाची दुखरी बाजू. ती टाळून सायप्रसच्या पक्ष्यांविषयी लिहिता येत नाही.

‘अंबेलोपूलिया’ म्हणजे द्राक्षमळ्यातली पाखरं. हे एका पदार्थाचं नाव आहे. काळ्या टोपीचा ब्लॅककॅप हा वीस ग्रॅमच्या आसपास वजनाचा वटवट्या शरदात उत्तरेकडून येताना द्राक्षं-अंजिरं खाऊन गुबगुबीत झालेला असतो. तो पकडून, पिसं काढून, उकडून किंवा तळून, डझनाने ताटात वाढतात. व्हेनिसकरांच्या काळात ही पाखरं व्हिनेगरमध्ये मुरवून बरण्या भरून व्हेनिसला जात. गरिबाच्या घरी मांस मिळण्याचा तो एक मार्ग होता, हेही खरं. आज गरिबी उरलेली नाही. हा पदार्थ चोरून, चढ्या भावाने विकला जातो आणि त्यामागे मोठी कमाई आहे.

पकडण्याच्या दोन रीती. एक, बारीक धाग्यांची जाळी, जी रात्री बाभळीच्या रांगांमध्ये लावतात आणि जवळ ध्वनिक्षेपकावर पाखरांची गाणी वाजवतात. दुसरी जुनी: चिकाच्या काड्या. आणि इथे मराठी माणसाने थबकावं. हा चीक ज्या फळापासून करतात ते आपल्या भोकराच्या कुळातलं. भोकराचं लोणचं घालणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, की पिकलेलं भोकर फोडलं की आतला बुळबुळीत बलक बोटांना चिकटतो, तो धुतल्याने जात नाही, आणि मुलं त्यानेच पतंग चिकटवतात. सायप्रसमध्ये ती फळं शिजवून, मध वगैरे घालून दाट चीक करतात, हातभर काड्यांना फासतात आणि काड्या झाडात खोचतात. पाखरू येऊन बसतं. पाय चिकटतो. ते फडफडतं, पंख चिकटतो. मग उलटं लोंबकळत राहतं, माणूस येईपर्यंत. काडी पाखरू पाहून धरत नाही. ब्लॅककॅपबरोबर रॉबिन, लहान घुबडं, खंड्या, जे बसेल ते. बर्डलाइफ या जागतिक संस्थेच्या २०१५च्या पाहणीत सायप्रसमध्ये अशा बेकायदा मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज वर्षाला वीस लाखांहून अधिक होता.

कायद्याने हे १९७४पासून बंद आहे. २००४मध्ये देश युरोपीय संघात गेला तेव्हा बंदी आणखी कडक झाली. बर्डलाइफ सायप्रसचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं ठरावीक भागांची पाहणी करून जाळ्यांची लांबी मोजतात. ब्रिटिश तळांवरच्या पोलिसांनी ड्रोन आणि छुपे कॅमेरे वापरले, सापळ्यांसाठीच लावलेल्या बाभळीची बनं काढायला घेतली. त्यावर गावकऱ्यांनी मोर्चेही काढले. तळांच्या हद्दीत जाळी लक्षणीय कमी झाली. पण डिसेंबर २०२०मध्ये सायप्रसच्या संसदेने चौदा जातींचे पन्नासपर्यंत पक्षी पकडले तर होणारा दंड २,००० युरोंवरून २०० युरोंवर आणला. एका ताटात डझनभर पाखरं विकणाऱ्याला हा दंड म्हणजे धंद्याचा खर्च. हे पाऊल चुकीचं होतं, आणि पक्ष्यांसाठी राबणाऱ्या तिथल्याच माणसांच्या मेहनतीवर त्याने पाणी ओतलं.

हिवाळी पर्यटकाचं महत्त्व इथे येतं. जानेवारीत रिकाम्या हॉटेलात उतरून, आक्रोतिरीच्या खानावळीत जेवून, गावात विणलेली टोपली विकत घेऊन, जिवंत ब्लॅककॅप बागेत पाहून परत जाणारा माणूस त्या गावाला एक हिशेब दाखवतो. ताटातलं पाखरू एकदाच विकलं जातं. झाडावरचं दर हिवाळ्यात गिऱ्हाईक आणतं.

कोणाला जायचं असेल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ धरावा. डिसेंबरात पाऊस झाला की नाही एवढं आधी पाहून घ्यावं. दिवसा पंधरा-सतरा अंश असतात, डोंगरात मात्र कडाक्याची थंडी, त्यामुळे एक स्वेटर आणि एक पावसाळी कोट दोन्ही लागतात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, भाड्याची गाडी घेणं सोपं. साधी आठ-बाय-बेचाळीसची दुर्बीण पुरते. तळ्यांसाठी कोणाकडे टेलिस्कोप असला तर उत्तम. शिकारीचा मुख्य हंगाम हिवाळ्यातच असतो आणि ठरलेल्या भागांत बहुधा बुधवारी आणि रविवारी बंदुका चालतात. त्या दोन दिवशी टेकड्यांऐवजी मिठाची तळी आणि शहराजवळच्या जागा निवडाव्यात. आटलेल्या तळ्याच्या पापुद्र्यावर चालत जाऊ नये, रोहितांजवळ ड्रोन उडवू नये. एकदा उडालेला थवा जी ताकद खर्च करतो, ती त्याला मार्चच्या प्रवासासाठी हवी असते.

आणि एखाद्या खानावळीत कुणी आवाज खाली आणून ‘खास पाखरं आहेत’ असं सांगितलं, तर नाही म्हणून उठावं, आणि बाहेर येऊन बर्डलाइफ सायप्रसला किंवा पोलिसांना त्या जागेचं नाव कळवावं.